गळालेली खूण

"झालं! चहा सांगा की कुणीतरी!" काम संपलं की आपा दोन्ही हातांनी टेबलावर थाप मारून ओरडायच्या. आमच्या नकाशांच्या ऑफिसातल्या त्या सगळ्यांत जुन्या. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल, जिच्या आवाजाशिवाय दिवस सुरूच होत नाही.

पाणी योजनांचे जुने नकाशे नव्या पद्धतीच्या फाईलमध्ये बदलायचं काम आलं. आपांनी त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम लिहिला. ती सगळे नकाशे आपोआप बदलत गेली. शेवटी पडद्यावर आलं, एकही चूक नाही. टेबलावर थाप पडली, चहा आला.

पुढं चंदगडकडच्या एका गावात चर खोदताना मजुराची पहार जमिनीखालच्या विजेच्या केबलला लागली. माणूस वाचला, उजवा हात गेला. जुन्या नकाशात तिथं केबलची खूण होती. आमच्या नव्या नकाशात नव्हती.

कारण आपांनीच शोधलं. खुणांची फाईल वेगळी असायची, नकाशात नुसता तिचा संदर्भ. स्क्रिप्टनं नकाशे नव्या फोल्डरात नेले, खुणांची फाईल मागं राहिली. संदर्भ सापडला नाही तिथं स्क्रिप्टनं जागा मोकळी सोडली आणि पुढं गेली.

"वरडायचं तरी हुतंस की गं," आपा पडद्याकडं बघून म्हणाल्या.

"कंत्राटदारानं पण तपासायला पाहिजे होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले.

"व्हय," आपा म्हणाल्या, आणि रविवारी मला बरोबर घेऊन एसटीनं चंदगडला निघाल्या.

तो मजूर घराच्या ओसरीवर बसला होता. शर्टाची एक बाही दुमडून पिन लावलेली.

"नकाशा मी केलता," आपा म्हणाल्या. "त्यातनं खूण गळाली."

त्याच्या बायकोला नकाशाचं नीट कळलं नसावं. तिनं भाजलेल्या काजूबिया पुढं ठेवल्या. "कंत्राटदार बी फिरकला न्हाय. तुमी कशाला आलासा एवढ्या लांब?"

आपांनी एक बी उचलली. निघेपर्यंत ती मुठीतच होती.

मग त्यांनी एकेक नकाशा स्वतः उघडून खुणा परत बसवल्या. शेवटचा झाला, तेव्हा थाप पडली नाही. राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

ईदला मी त्यांच्या कसबा बावड्यातल्या घरी गेलो. मुलीनं शिरखुर्म्याची वाटी हातात दिली.

"अम्मी न्हाय. चंदगडला गेलीया."

"आज? सणाचं?"

"सारखी जाती की."

"जाऊन काय करतात?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "ओसरीवर बसती आणि येती."