डोलिनाची जिग आणि लॅकीचा गरुड

आमच्या आर्डव्हार गावात जन्माचं सार्थक झालं की नाही, हे तुमच्या नावाची जिग, म्हणजे नाचाची धून, आहे की नाही यावर ठरतं. बाकी घर, बोट, मेंढ्या सगळं झूट. गुरांच्या डॉक्टरच्या नावाने जिग आहे, कारण त्याने एक अडलेली मेंढी सोडवली. फेरीबोटीच्या कप्तानाच्या नावाने आहे. त्याने बोट खडकावर घातली होती, पण माणूस निवृत्त झाल्यावर तेवढं कोण लक्षात ठेवतं! रस्त्यात गुरं अडवायला लोखंडी जाळी बसवली, तर त्या जाळीच्या नावानेसुद्धा झाली. नव्हती ती फक्त डोलिना मॅकास्किलच्या नावाची.

डोलिना म्हणजे गावच्या हॉलचं स्वयंपाकघर. लग्न असो, शनिवारचा नाच असो, नाहीतर कुणाला मूठमाती देऊन आलेली मंडळी असोत, जवाचं सूप, स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव आणि चहा तिच्याच हातचा. नवऱ्याला समुद्राने नेलं त्याला जमाना झाला. मुलगी कॅनडात. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक चौकोनी खिडकी होती. त्या खिडकीतून डोलिना बशा बाहेर द्यायची आणि नाच बघायची. बाहेर येऊन नाचायला तिला बंदी नव्हती हो! फक्त ती बाहेर आली तर चहा कोण देणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायची कुणालाच घाई नव्हती.

जिगा रचायचा लॅकी मॅकफी. अ‍ॅकॉर्डियनवाला, गावच्या बँडचा म्होरक्या. धून वाजवण्याआधी ती कशी सुचली हे सांगायची आमच्याकडे रीतच आहे, पण लॅकीची कहाणी धुनेपेक्षा लांब असायची. तो सांगायला लागला की फिडल वाजवणारी त्याची भाची मोराग निवांत एक स्कोन संपवायची आणि मग म्हणायची, "मामा, आवर. लोकांचे पाय गार पडले."

एकदा डोलिनाने त्याला आडून विचारलं.

"काय रे लॅकी, त्या लोखंडी जाळीने तुला काय दिलं?"

"म्हणजे?"

"नाही, तिच्यावर जिग केलीस म्हणून म्हटलं. आम्ही आपलं इतकी वर्षं सूप वाढतोय."

"अगं, सुचावं लागतं डोलिना! मागून मिळते का ती? तुझ्यासाठी सुचली की करीन हं. बरं, सूप जरा घट्ट वाढ."

तिने घट्ट वाढलं. मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वाढलं, पण लॅकीने मिटक्या मारत खाल्लं.

मग हॉल गरम ठेवायला नवा बॉयलर आला. पैसा लोकांच्या करातला, पण मिरवायला नगरसेवक क्रॉफर्डसाहेब. उद्घाटनाला नाच ठरला, आणि साहेबांच्या नावाची जिग हवी असं हॉलच्या समितीने एकमताने ठरवलं. इकडे लॅकीला काही सुचेना. किनाऱ्यावर फिरून झालं, व्हिस्की घेऊन झाली. शेवटी एका दुपारी तो हॉलच्या खिडकीशी चहा घेत तोंड पाडून बसला.

आत डोलिना पाठमोरी उभी राहून कप विसळत होती आणि डिडल-डी, डिडल-डी असं गुणगुणत होती. तिला ती सवयच होती. ही धून मात्र नवी होती, गेल्या हिवाळ्यात नळाखाली हात गारठले असताना तिची तिलाच सुचलेली. जिगेचे भाग दोन. पहिला भाग तिने घोळवून घोळवून म्हटला. दुसरा सुरू करणार तोच किटली शिट्टी मारायला लागली. तिने वळून पाहिलं, तर लॅकी चहा तसाच टाकून घराकडे पळत सुटला होता.

चोरी म्हणू नका. लॅकीला खरोखरच वाटलं की आपल्यालाच सुचली. चोराला रात्री झोप तरी लागत नाही. हा घोरत पडला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी बॉयलरने हॉलची भट्टी केली होती. क्रॉफर्डसाहेब नवाकोरा किल्ट, म्हणजे आमच्याकडचा पुरुषांचा चौकडीचा घागरा, घालून खिडकीशेजारच्या मानाच्या खुर्चीवर बसले. लॅकी उभा राहिला आणि घसा साफ करून सांगू लागला.

"पहाटेची वेळ. मी एकटा डोंगरमाथ्यावर. खाली धुकं. आणि मंडळी, धुक्यातून एक सोनेरी गरुड वर आला! माझ्याभोवती त्याने घिरट्या घातल्या, आणि त्या घिरट्यांतून मला ही जिग ऐकू आली. 'क्रॉफर्डसाहेबांचं स्वागत'!"

मोरागने स्कोन संपवून फिडल उचललं. लोक ओळीत उभे राहिले. धून सुरू झाली आणि डोलिनाच्या हातातला डाव सुपात पडला.

माझी. ही माझी आहे. अंगाचा तिळपापड झाला तिच्या. अरे, एवढी एक गोष्ट मागितली होती, तर ती दिली नाहीसच, वर माझीच उचलून या बॉयलरवाल्याला दिलीस? डोळ्यांत पाणी आलं, ते तिने वाफेवर ढकललं.

तेवढ्यात दुसरा भाग आला, लॅकीच्या पदरचा. नुसता पाणचट. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. पाद्रीबाई चुकीच्या बाजूला वळल्या आणि पोस्टमनवर आदळल्या. आपल्या धुनेची ही दशा डोलिनाला बघवेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने खरा दुसरा भाग खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली. मोरागने तो क्षणात फिडलवर उचलला. पाय सावरले, हॉल गरगर फिरला. लॅकी मागून कसाबसा फरफटत आला.

धून संपल्यावर मोराग म्हणाली, "डोलिनामावशी, तुला दुसरा भाग कसा गं ठाऊक? ही तर आज पहिल्यांदाच वाजतेय!"

सगळा हॉल खिडकीकडे बघू लागला.

"मला काय विचारतेस बाई? त्या गरुडानेच शिकवला," डोलिना म्हणाली. "सूप प्यायला उतरला होता इथे. म्हणाला, लॅकीला अर्धीच दिलीय, पुरी त्याला झेपायची नाही."

हॉल हसून हसून कोसळला. लॅकी उठला. कहाणी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण कहाणी काही येईना.

"ही डोलिनाची आहे," शेवटी तो म्हणाला. "कप विसळताना म्हणत होती. मला वाटलं, मलाच सुचली. चुकलं माझं. 'डोलिना मॅकास्किलची जिग', हेच नाव आजपासून."

त्याने एवढी छोटी कहाणी जन्मात सांगितली नव्हती.

"अहो, पण मग माझं काय?" क्रॉफर्डसाहेबांनी विचारलं.

"बॉयलर आहे की, साहेब," मोराग म्हणाली. "त्याला तुमचं नाव देऊ."

"डोलिना, ये बाहेर," लॅकी म्हणाला. "तुझ्या जिगेवर तू नाचायचं नाहीस तर कुणी?"

"आणि चहा कोण देणार?"

झालं! जो तो आपापल्या बुटांकडे बघू लागला. डोलिनाने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग एप्रन सोडला आणि खिडकीतून हात लांबवून तो क्रॉफर्डसाहेबांच्या मांडीवर ठेवला.

"सूप तळाला लागतं. ढवळत राहा," ती म्हणाली. "आणि कप नीट विसळा."

ती दारातून बाहेर आली. पोस्टमनने हात पुढे केला. लॅकी पुरी जिग डोलिनाकडे बघत, ती म्हणाली होती तश्शी वाजवत होता, आणि ती हसत होती, रडत होती, नाचत होती.

क्रॉफर्डसाहेब घामाघूम होऊन सूप ढवळत होते. मध्ये एकदा त्यांनी खिडकीतून सगळ्यांकडे बघून हात हलवला. खिडकीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.