थांबलं तं काय बिघडन?

जऊळक्याच्या टेसन रोडवर आमचं शिलाईचं दुकान हाये. आमचं म्हंजे माया जाऊबाईचं, सुकेशनीताईचं. मी नीलिमा, धाकटी जाऊ. ताई कापते अन् मशीन मारते. मी हुक लावतो, फॉल लावतो अन् गिऱ्हाइकासंग भांडतो. भांडाचं काम ताईले जमत नाही, मले मस्त जमते.

अन् भांडण कायचं? एकाच शब्दाचं. अर्जंट. बाप्पा, कोणं शिकवला हा शब्द आमच्या बायाईले! जिनं कपडा वर्सभर पेटीत दाबून ठेवला, तेही दारातूनच ओरडते, "ताई, अर्जंट हाये!" फॉल अर्जंट, पिको अर्जंट, जुना ब्लाऊज उसवून ढिला कराचा तोही अर्जंट. आमच्या शेजारच्या ललिताबाईनं तं एकदा उशीचे अभ्रे अर्जंट आणले. मी म्हणलं, "काहून वं, उशी परीक्षेले बसून राह्यली काय?" ते रुसली. मंग पोळ्याच्या टायमाले आली, अर्जंट परकर घेऊन.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक अर्जंट म्हणते, शिवणारी उद्या म्हणते, अन् दोघींईले पक्कं मालूम असते का हा उद्या आठवड्यानं येईन. यात कोणी खोटं बोलते असं नाही. तसं बोलाचंच असते. ताई तं असं गोड हासून 'उद्या' म्हणे का बाई खुशीत घरी जाय.

पण तिचा एक कायदा होता. आधी ते चष्म्याच्या वरून पाहे अन् हळूच विचारे, "थांबलं तं काय बिघडन?" बस, एवढंच. बाई गडबडून जाय. "बिघडाचं काय नाही, पण..." मंग ताई कपडा गठ्ठ्यात खाली ठेवून दे. एकदा किन्हीराजाची एक पोरगी आली, धम्मदीपा नावाची. नर्सिंगले नंबर लागला होता अन् सकाळी पांढऱ्या ड्रेसमधी हजर व्हाचं होतं. "थांबलं तं सीट जाईन," म्हणली, अन् खरंच जात होती. ताई त्या दिवशी जेवली नाही. पोरगी बाकावर बसून राह्यली अन् संध्याकाळच्या गाडीनं ड्रेस घेऊनच गेली. "याले म्हंतेत अर्जंट," ताई मले म्हणली, "बाकी सगळी घाई."

मागच्या वर्सी काय झालं, डाव्या बाजूनं कोणी उभं राह्यलं का ताईले दिसेना. बाई 'ताई, ताई' करून राह्यली अन् हे आपली मशीन मारून राह्यली. लोक म्हणत, भाव खाते. मी मुकाट माया पाट डावीकडून उचलला अन् उजवीकडं टाकला. लाइटच्या भवती रंग दिसतेत म्हणे. सुईत धागा ओवाले ते मलेच देत जाय. आमी समजलो, चष्म्याचा नंबर वाढला असन.

मालेगावले डोळ्याचं शिबिर लागलं, तं मी तिले वढतच नेलं. डॉक्टर वाशिमहून आलता, भला माणूस. यंत्रातून पाह्यलं अन् म्हणला, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब फार वाढलाय. हे अर्जंट आहे, ताई. याच आठवड्यात वाशिमला या."

मागं ही लंबी लाइन. त्यानं थेंबाची शिशी देली अन् पुढच्याले हाक मारली. ताई म्हणली, "येतो न साहेब, दसरा झाला का." तो म्हणला, "नाही नाही, आधीच या." ताई हासली. ते हासणं माया वळखीचं होतं. गिऱ्हाइकाले 'उद्या' म्हणताना हासे, तेच.

दुखलं असतं तं गेलीही असती. पण तो मेला आजार दुखेच ना! दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाणाऱ्या बायाईचे पांढरे ब्लाऊज आले. मंग दिवाळी, मंग लगनसराई. शिशी सरली, दुसरी आणलीच नाही. माये भासरे, म्हंजे ताईचे मालक, अश्वजितभाऊ पुण्याकडं कंपनीत हायेत. ते फोनवर विचारत, "गेली काय डॉक्टरकडं?" ताई म्हणे, "जातो न, एवढे अर्जंटवाले देऊन टाकतो." मी लय चिडो. "अवं ताई, डॉक्टरनंही अर्जंटच म्हणलं होतं न?" ते म्हणे, "हो वं माय, जाऊ न," अन् पाय मशीनवर चालूच.

होळीच्या आधीची गोष्ट. दुपारी मशीनले तेल देता देता एक थेंब तिच्या उजव्या डोळ्यापासी उडाला. तिनं पदराचा बोळा केला अन् डोळा दाबून धरला. मंग तशीच बसून राह्यली.

"नीलिमा, लाइट गेली काय वं?"

डोक्यावर पंखा फिरून राह्यला होता. दारात ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी वाशिमले गेलो. डॉक्टर तोच होता. त्यानं दोन्ही डोळे तपासले, पुन्हा तपासले. मले कोणाची भीड नाही. मी ताईचाच सवाल त्याले केला, "साहेब, आता थांबलं तं काय बिघडन?"

"डावा गेला," तो म्हणला. "गेलेली नजर परत येत नाही. उजव्याचीही कडेची बरीच गेलीय. ऑपरेशन केलं तर उरलेली टिकेल. थांबलात तर तीही जाईल." मंग ताईकडं पाह्यलं. "ताई, मी शिबिरातच सांगितलं होतं ना, अर्जंट आहे म्हणून?"

ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणली, "म्हणलं होतं, साहेब. मले वाटलं, सगळेच म्हंतेत."

मलेच रडू फुटलं. एवढी भांडखोर मी, पण तवा कोणासंग भांडू ते सुचेना. सगळ्या गावाले ते विचारत होती, थांबलं तं काय बिघडन. त्या शिबिरात डॉक्टरले तेवढं विचारलं नाही. अन् मी बाजूलेच उभी होती, मलेही सुचलं नाही.

डॉक्टरनं परवाची तारीख देली. घरी जाऊन तयारीनं या म्हणला. तेवढ्यात माया पिशवीत फोन वाजला. ललिताबाई. नातीच्या नामकरणाचं झबलं शिवाचं होतं, अन् पह्यला शब्द तोच. खोलीत सगळ्याईले ऐकू गेला. ताईचा हात कपडा घ्याले उचलावा तसा मांडीवरून वर आला. मी फोन बंद केला.

तिनं तो हात हळूच खाली घेतला अन् दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"परवा नको, साहेब," ताई म्हणली. "आजच ठेवून घ्या मले. घरी गेली तं येणं होणार नाही. दारात कोणी ना कोणी उभं राहीन, अन् मी मशीनवर बसून जाईन."