आबांचं क्लॅरोनेट गाडीत वाजलं तेव्हा

माझे वडील चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या बँडच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण पुणतांब्याच्या लग्नाची गोष्ट निघाली की माझा भाऊ हळूच उठून बाहेर जायचा. बँडचा टेम्पो राहुरीजवळ बंद पडला. आबा आणि एक ढोलवाला तेवढे एसटीनं पुढे गेले होते. मुहूर्त थांबणार नव्हता. मग आबांनी एकट्यानं क्लॅरोनेट वाजवत नवरदेवाची मिरवणूक गोदावरीच्या काठापासून मांडवापर्यंत नेली. "एक तास, मधी कुठं थांबलो न्हाई," आबा म्हणायचे. भाऊ दाराबाहेर हसायचा. मी मान खाली घालून ब्लाऊजला हुक लावत बसायचे. खरं सांगायचं तर मलाही ते पटत नव्हतं.

केडगावात माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. भिंतीवर आबांचा बँडच्या गणवेशातला फोटो आहे. गेल्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज टाकायला एक बाई आल्या आणि त्या फोटोसमोरच थांबल्या.

"हे कोण तुमचे?"

"वडील."

"माझं लग्न पुणतांब्याला झालं. ह्यांनीच वाजवलं होतं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट पोरानं आत्ताच मोबाईलवर घेतली. त्यात हे एकटेच वाजवताना दिसतात. आम्हाला हसू येतं, बाकीचा बँड गेला कुठं?"

मी मशीन थांबवलं. संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ पाठवला. चित्र फिकट झालं होतं, पण आवाज स्वच्छ होता. पुढे आबा, मागे एक ढोल, आणि त्यांच्यामागे सगळं गाव चाललेलं.

मी धावतच आबांकडे गेले. पण आबांना तीन वर्षांपासून कमी ऐकू येतं. त्यांनी मोबाईल कानाला लावला, दूर धरला, परत लावला. "डास गुणगुणल्यावानी वाटतंय," म्हणाले. कानातलं मशीन घातलं तर नुसती शिट्टी वाजायला लागली. हेडफोन त्यांनी मिनिटभरात काढून ठेवला. पडद्याकडे बघत म्हणाले, "हा मीच हाय. पण काय वाजवतोय गं मी?"

तो प्रश्न मला झोंबला.

आबांना गाणं नीट ऐकू येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे आमची जुनी गाडी. बँडचे दिवस बरे होते तेव्हा त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि मागे दोन मोठे स्पीकर बसवून घेतले. काचा लावून मागच्या सीटवर बसलं की स्पीकरचा आवाज पाठीतून अंगात शिरतो. अजूनही ते तिथे बसून जुन्या कॅसेटी ऐकतात. पण गाडीतल्या त्या टेपला कॅसेट आणि रेडिओ सोडून काही माहीत नाही. मोबाईल त्याला जोडायचा कसा?

आधी मी सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं एक यंत्र आणलं. ते मोबाईलचा आवाज रेडिओवर पाठवतं म्हणे. पाठवलाही, पण क्लॅरोनेटच्या मध्येच कांद्याचे बाजारभाव सांगणारा माणूस बोलायला लागला. मग गाडीचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. ते बाहेरूनच टेपकडे बघून म्हणाले, "ताई, हा काढा आणि नवीन बसवा. ह्याच्यात मोबाईल वाजणार नाही."

मला हट्ट चढला. मी कॅसेटच्या आकाराचं अडॅप्टर मागवलं. त्याला वायर असते, ती मोबाईलला जोडायची. माझ्या मोबाईलला ते गोल भोकच नव्हतं, म्हणून आणखी एक छोटा जोड आणला. कॅसेट आत सरकवली. टेपनं खटखट केलं, बाजू बदलली आणि कॅसेट बाहेर फेकली. परत घातली, परत फेकली. असं दहा वेळा झालं.

रविवारी सकाळी मी ते अडॅप्टर शिवणाच्या टेबलावर घेतलं आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. आत दातेरी चाकं होती आणि एकाचा दात तुटून अडकला होता. चाकं फिरत नाहीत म्हटल्यावर टेपला वाटणार की पट्टी संपली. मशीनची बॉबिन अडकली की मी काय करते, तेच केलं. अडकलेलं सगळं काढून टाकलं, कॅसेटच्या दोन भोकांतल्या चकत्यांना मिळून एक पातळ रबर घातलं, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. बोटानं एक चकती फिरवली. दुसरी सोबत फिरली.

गाडीत जाऊन कॅसेट घातली. टेपनं खटखट केलं नाही. मी मोबाईलचं बटण दाबलं आणि मागच्या दोन्ही स्पीकरमधून क्लॅरोनेट असं उठलं की माझ्या हातातून अडॅप्टरच्या डबीचं झाकण खाली पडलं.

आबांना हाताला धरून आणलं, मागे बसवलं, काचा लावल्या. मी पुढे बसून आरशात बघत होते. पहिल्या सुरालाच त्यांचा चेहरा बदलला. मग बोटं हलायला लागली, मांडीवर, बरोबर त्या त्या भोकांवर. गाल किंचित फुगले. थोड्या वेळानं म्हणाले, "इथं श्वास उशिरा घेतला मी. चढ व्हता."

मी व्हिडिओत बघितलं. खरंच, नदीकडून वर येणारा चढ होता.

मी त्या बाईंना फोन केला. त्या नवऱ्याला घेऊनच आल्या. भाऊही आला, आणि मी गाडीची चारही दारं उघडली. आवाज गल्लीभर गेला. शेजारचे ओट्यावर आले. व्हिडिओची मिनिटं सरकत होती, आबा वाजवतच होते. बाई म्हणाल्या, "मी तेव्हा नवरी म्हणून आत बसलेले. नुसतं ऐकू यायचं, जवळ जवळ येतंय म्हणून."

"एक तास व्हता ना?" आबांनी विचारलं.

बाईंच्या नवऱ्यानं मोबाईलवर बघितलं. "एक तास सात मिनिटं."

 भाऊ गाडीत शिरून आबांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, पहिल्यापासून लाव."

आम्ही तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी मांडव यायच्या आत गाडीची बॅटरी उतरली. आबा मागच्या सीटवरून हलायला तयार नव्हते. मग त्यांच्यासकट गाडी ढकलून सुरू केली, आणि ढकलणाऱ्यांत सगळ्यांत पुढे माझा भाऊ होता.