लिफ्टवाल्यांचे तीन ठोके

लिफ्ट अडकली की आमचे लिफ्टवाले आधी दारावर बोटाच्या पेराने तीन ठोके द्यायचे आणि थांबायचे. आतून दोन ठोके आले की म्हणायचे, "माणूस शाबूत आहे. यल्ला, चला, दार उघडू." इमारतीतल्या सगळ्या भाडेकरूंना त्यांनी हे शिकवून ठेवलं होतं.

दुबईच्या बर दुबई भागातल्या त्या इमारतीची देखभाल माझ्याकडे. तक्रारींची यादी मी करायची, लिफ्टच्या तक्रारी चिपळूणच्या या गृहस्थांनी मिटवायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लिफ्ट सुरू झाली की आपण त्यांना विसरतो.

हे ठोके त्यांना एका क्यूबन वादकाकडून मिळाले. कुठल्याशा हॉटेलात तो लिफ्टमध्ये अडकला आणि ओरडण्याऐवजी दारावर ताल धरून बसला. तीन, मग दोन. हे बाहेरून साथ देत राहिले. सुटका झाल्यावर त्याने यांना मिठी मारली आणि पुढे चक्क साल्सा शिकवला.

मग यांनी आम्हाला शिकवला. शनिवारी सकाळी, तळमजल्याच्या हॉलमध्ये. हजेरी, पाणी, स्पीकर माझ्या यादीत.

"मॅडम, ही आरती नाही. प्रत्येक मात्रेला टाळी नको. तीन पावलं टाका, चौथ्याला थांबा."

"थांबून करू काय?"

"काही नाही. तेच तुम्हाला जमत नाही. यादीत नसतं ना!"

दम खाताना इतिहास सांगायचे. "गुलाम करून क्यूबात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे ढोल, स्पॅनिश लोकांची गिटार. मग क्यूबाची, पोर्तो रिकोची माणसं पोटासाठी न्यूयॉर्कला गेली. तिथे आणखी मिसळलं, साल्सा नाव पडलं. सगळी घर सोडलेली माणसं, मॅडम, आपल्यासारखी. पण तीन-दोनचा ठोका कुणी सोडला नाही. क्लाव्हे म्हणतात त्याला. तो सुटला की नाच खलास."

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कंपनीने घरी पाठवायचं ठरवलं. सामान मी बांधलं. पासपोर्ट, रिपोर्ट, गोळ्या, नाचाचे बूट. बूट यादीतून खोडले, पुन्हा लिहिले, शेवटी बॅगेत टाकले.

परवा चिपळूणला व्हिडिओ कॉल केला. वहिनींनी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठोकलं. टक्... टक्... टक्. मग हात थांबला.

"दिवसभर हेच चालतं हो," वहिनी म्हणाल्या. "पाणी देते, कूस बदलते. काय हवंय तेच कळत नाही."

मला कळलं. मी घाईने टेबलावर दोन ठोके दिले. पण आवाज तिकडे उशिरा पोचला. तोवर ते पुन्हा सुरू झाले होते आणि माझे दोन त्यांच्या तिनांत मिसळून गेले. त्यांनी कान दिल्यासारखी मान वळवली. काहीच ऐकू न आल्यासारखी परत सरळ केली.

माणूस आत शाबूत होता.

टक्... टक्... टक्.