अकराव्या बाईचा नवरा

त्या पुस्तकात एकूण अकरा बायका आहेत आणि माझी वहिनी अकरावी. पहिली समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेल्या बोटी वर काढते. दुसरी साप पकडते. एक सर्कशीत वाढली आणि साठाव्या वर्षी वकील झाली. शिलाई मशीनपुढे बसून मी ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं, त्यापायी दोन गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी ते पलंगावर भिरकावून दिलं. का, तर प्रत्येक बाईच्या गोष्टीत एक नालायक पुरुष आहेच. बाप नाहीतर नवरा, नवरा नाहीतर भाऊ. तो दार लावतो आणि बाई ते मोडून बाहेर पडते. असतात हो असे, मी कुठे नाही म्हणते! माझाच होता एक, म्हणून तर मी भावाच्या घरी कपडे शिवत बसलेय. पण अकराव्या बाईचा नालायक म्हणजे माझा सख्खा दादा, आणि त्याने कुठलंही दार लावलेलं नव्हतं. त्या दाराशेजारीच माझं मशीन असतं. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

वहिनी बांधकामावरची उंच क्रेन चालवते. तीनशेबारा पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून ती इवल्याशा केबिनमध्ये बसते आणि तिथून लोखंडाचे गज, विटांच्या पाट्या, काँक्रीट, काय वाटेल ते उचलून हवं तिथे टेकवते. स्वतःची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, म्हणून सगळी गल्ली तिला उंचवहिनी म्हणते. वर आठ तास ती एकदम शांत असते म्हणे. जमिनीला पाय लागले की मात्र बाईच्या अंगात वारं शिरतं. चहा कधी बसून प्यायली नाही. कप हातात घेऊन खोलीभर फिरणार, इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करणार, खिडकी उघडणार, लावणार, परत उघडणार. मी शंभरदा म्हटलं असेल, "अगं, टेक की जरा! तुझ्याकडे बघून माझा टाका चुकतो."

चौदा वर्षांपूर्वीपर्यंत त्या केबिनमध्ये दादा बसायचा. नऊ वर्षं बसला. एके दिवशी वारा सुटला, क्रेन हलली, तशी ती नेहमीच हलते. पण त्या दिवशी दादाला गरगरलं. शिडीच्या मध्यावर तो दोन्ही हातांनी पायरी कवटाळून तासभर लटकून राहिला. खाली उतरल्यावर साइटवर सांगितलं, गुडघा धरलाय. दुसऱ्या दिवशी शिडीपर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात खाली बसला आणि आम्हा दोघींना म्हणाला, "मला भीती वाटते गं. पाय उचलत नाही." दादा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. 

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण वर चढणाऱ्या माणसांत हा एक शब्द बोलायचा नसतो. तो सर्दीसारखा पसरतो, असं ते मानतात. एकानं उच्चारला की दहा जणांचे पाय लटपटतात, आणि ज्यानं उच्चारला त्याच्या भरवशावर मग कुणी काम करत नाही. चक्कर म्हणा, गुडघा म्हणा, बायकोशी भांडलो म्हणा, सगळं चालतं. भीती चालत नाही. म्हणून दादाने आमच्याकडून शब्द घेतला, हे या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. आम्ही दिला.

पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. घर दादावर चालायचं. माझ्या शिलाईत चौघांचं काय भागणार? वहिनी दोन दिवस खोलीत येरझारा घालत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी जाते वर. तुम्ही शिकवा." दादा हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण ती हसली नाही. दादाने तिला दीड महिना घरातच शिकवलं आणि मग ठेकेदाराकडे पाठवलं. ठेकेदाराने थट्टा म्हणून जुनी परीक्षा ठेवली. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली हुकाला लावायची, चार मजले वर न्यायची, आणि खाली आणून एका विटेवर ठेवायची. वहिनीने ती ठेवली. वीट कोरडी! रीतसर परीक्षा आणि परवाना नंतर झाला, पण नोकरी त्या बादलीने दिली.

दादाला खालचं काम मिळालं. वरच्या माणसाला माल नेमका कुठे टेकतोय ते दिसत नाही, भिंत आड येते. मग खालचा माणूस वॉकीटॉकीवर सांगतो, डावीकडे, अजून थोडं, हळू, थांब. चौदा वर्षं वहिनीच्या कानात दादाचाच आवाज होता. त्याने थांब म्हटलं की ती थांबायची, मग समोर आभाळ का कोसळेना.

आणि इथेच दादाने ती माती खाल्ली. साइटवरचे लोक डिवचायचे, "काय रे, बायकोला उन्हात टांगून स्वतः सावलीत?" एकदा, दोनदा, दहादा. एक दिवस दादा चिडून म्हणाला, "मी कशाला टांगतोय! कोंडून ठेवलं होतं तिला. ऐकते कुठे? खिडकीतून पळाली." सगळे खो खो हसले आणि डिवचणं बंद झालं. रागीट नवरा सगळ्यांना चालतो हो. घाबरलेला नवरा नाही चालत. दादाला ते सोयीचं पडलं आणि मग तो ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगू लागला.

त्या पुस्तकाची लेखिकाबाई आली ती थेट साइटवर, त्यामुळे तिला हीच गोष्ट मिळाली. चांगली बाई, कष्टाळू, आमच्या घरीही दोनदा आली. दादाला तिने समोर बसवून विचारलं, "तुम्ही खरंच यांना कोंडलं होतं?" दादाने एकदा वहिनीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "हो. तेव्हा अक्कल नव्हती." मी तिथेच होते, तोंडात टाचण्या धरून! नाहीतर त्याच क्षणी बोलले असते. वहिनी उगाच जाऊन खिडकी लावून आली.

पुस्तक आलं तेव्हा पोरगी चौदा वर्षांची होती. शाळेत बाईंनी कौतुकाने तिलाच ते प्रकरण वर्गापुढे वाचायला लावलं. वाचता वाचता ती त्या पानावर आली, जिथे तिचा बाप तिच्या आईचं जेवणाचं ताट लाथाडतो आणि बाहेरून कडी लावतो. घरी आली, दप्तर टाकलं आणि दादासमोर उभी राहिली.

"बाबा, तू आईला कोंडलं होतंस?"

दादाला तेवढ्यात नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तू का नाही गेलास वर? तो म्हणाला, "हो."

त्या दिवसापासून पोरीने बापाशी बोलणं टाकलं. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं. सकाळी दादा तिचा डबा भरायचा, ती घ्यायची, पण नजर वर नाही. "आत्या, त्याला सांग मीठ सरकव." "आत्या, त्याला विचार सही करणार का." मी म्हणजे घरातला टेलिफोन झाले होते. दादा रोज डब्यात तिच्या आवडीचं काहीतरी ठेवायचा आणि रोज संध्याकाळी डबा रिकामा आला का ते उघडून पाहायचा.

मग त्या पुस्तकावरून सिनेमा निघाला. अकरा बायकांतून दिग्दर्शकाने नेमकी आमचीच उचलली. पहिला खेळ दुपारी, वहिनीच्या सन्मानार्थ, साइटवरच्या लोकांना घरच्यांसकट आमंत्रण. त्या सकाळी वहिनी तिसऱ्यांदा तीच साडी इस्त्री करत होती आणि माझा पारा चढला.

"तुझ्या नवऱ्याची आज पडद्यावर लक्तरं काढणार आहेत. बोलणार आहेस की नाही?"

"वन्सं, शब्द दिलाय त्यांना."

"शब्द की सोय?" मी म्हणाले. "एकटीने जग जिंकलेली बाई म्हणून टाळ्या मिळतात, त्या गोड लागतायत तुला. बाप-लेकीचं काय व्हायचं ते होवो."

बोलले आणि जीभ चावली. वहिनीने इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, खुर्चीवर बसली. म्हणाली, "लागतात हो गोड. खोटं नाही बोलत." मग उठली आणि साडी नेसायला गेली.

सिनेमातली वहिनी खऱ्या वहिनीपेक्षा हातभर उंच होती. दादा झालेल्या नटाला ही जाड मिशी. त्याने ताट लाथाडलं, कडी लावली, ती खिडकीतून उडी मारून पळाली. आमच्या घरात त्या जागी कपाट आहे. मागच्या रांगेतल्या दोघी चुकचुकत होत्या, "मेल्याचं वाटोळं होवो." दादा त्यांच्या पुढेच बसला होता. कुजबुजला, "छान केलंय की काम." पोरगी आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून होती. कडीच्या प्रसंगाला ती उठली आणि पार पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. दादाने ते पाहिलं. मग त्याने पडद्याकडे पाहणंच सोडलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण करते काय?

सिनेमा संपला. वहिनीला व्यासपीठावर नेलं. लेखिकाबाईने माइक पुढे केला आणि कौतुकाने विचारलं, "इतक्या विरोधात, एकटीने हे कसं जमवलंत?"

वहिनी माइक या हातातून त्या हातात घेत राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवून मदत करायला बघितलं.

"एकटीने नाही जमवलं," ती म्हणाली. "ह्यांनी शिकवलं मला. स्वयंपाकघरात. पिठाच्या दोन डब्यांत दोन पळ्या उभ्या रोवल्या होत्या, त्या माझ्या क्रेनच्या दांड्या. हे मागे बसायचे, माझी मनगटं धरून. म्हणायचे, वाऱ्याशी भांडू नकोस, तो थकेपर्यंत थांब. दीड महिना रोज. पीठ सगळं जमिनीवर, वन्सं ओरडायच्या. मला कुणी कोंडलं नव्हतं. माझ्यासाठी कुणी दार लावलं असेल, तर ते मुलीला झोपवताना आवाज येऊ नये म्हणून."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. दिग्दर्शक हसू आणायला बघत होता. लेखिकाबाईचा चेहरा उतरला. तिचा तरी काय दोष, बिचारीने विचारून लिहिलं होतं. वहिनीने शब्द मोडला नव्हता. जे सांगायचं नव्हतं, ते तिने सांगितलं नव्हतं.

पलीकडच्या रांगेत पोरगी उभी राहिली. माइक नाही काही नाही, सरळ ओरडून म्हणाली, "मग बाबा स्वतः का नाही गेला वर?"

वहिनीने माइक खाली केला. ती दादाकडे बघत राहिली. सगळी साइट तिथे बसलेली. ठेकेदार, गवंडी, दुसऱ्या क्रेनवरचे दोघे, ज्यांचा माल रोज दादाच्या इशाऱ्यावर खाली यायचा ते सगळे. मी दादाचा हात धरला.  हळूच म्हटलं, "गुडघा म्हण. गुडघा सांग."

दादाने माझा हात सोडवला आणि उभा राहिला.

"भीती वाटायची मला," तो म्हणाला. "वर जायची. अजून वाटते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ठेकेदाराने बुटांकडे पाहिलं. दुसऱ्या क्रेनवरचा एक जण ताडकन उठून बाहेर गेला. दादाच्या हातून खालचं कामही आता जाणार, हे मला तेव्हाच कळलं, आणि पुढे झालंही तसंच.

पोरगी खुर्च्यांमधून वाट काढत, लोकांचे पाय तुडवत आमच्या रांगेत आली. दोन वर्षांनी बापाच्या तोंडाकडे बघून बोलली.

"एवढंच?"

"तेव्हा फार मोठं होतं गं," दादा म्हणाला.

"दोन वर्षं, बाबा! दोन वर्षं मी तुझ्याशी..."  तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला, मग दुसरा. 

"मला वाटलं," तो चाचरत म्हणाला, "बाप वाईट असला तरी चालेल तुला. भित्रा नाही चालणार."

"मला विचारायचंस ना," पोरगी म्हणाली. "कुठला हवा ते मला विचारायचंस."