वहिनीचं रोशाचं तेल

वहिनीचा हात कोपरापर्यंत कणगीत गेल्याशिवाय आमच्या भातकुली गावच्या घरात दिवस उगवत नसे. ज्वारी गार लागली की ती सुटकेचा सुस्कारा सोडायची; कोमट लागली की तिचा चेहरा उतरायचा. "दाना तापला की आत सोंडे पडले समजा, भाऊजी," असं ती मला, म्हणजे धाकट्या दिराला, बजावायची. तिच्या काळजीला आम्ही हसायचो. पण ती गेल्यावर घरातलं धान्य तसं कुणीच राखलं नाही.

तिचं माहेर मेळघाटाच्या पायथ्याशी. तिकडं रोशा गवताचं तेल काढतात, उग्र वासाचं. कीड लागू नये म्हणून त्यात भिजवलेल्या चिंध्या ती कडुनिंबाच्या पाल्यासोबत कणगीच्या तोंडाशी ठेवी. तेल दाण्याला मात्र लागू देत नसे.

सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपून तिकडचा कापूस अडला होता आणि आमचा कापूस सोन्याच्या मोलानं जात होता, ती ही वर्षं. दादानं सगळं वावर कापसाखाली घातलं. गावोगाव तेच झालं, ज्वारीचाही भाव चढला, आणि एक दिवस दादा अमरावतीचा व्यापारी घरी घेऊन आला. कणगीतली सगळी ज्वारीच विकायची होती.

"पैसा असला की दाना कुठीबी भेटते," दादा म्हणाला.

"अन् बाजारातच नसन त? कापूस शिजवू का चुलीवर?" वहिनीनं विचारलं.

दादा व्यापाऱ्याला पाणी द्यायला ओसरीवर गेला, तेवढ्यात तिनं तेलाचा अख्खा बुधला ज्वारीवर उपडा केला. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे नाकाशी नेले आणि तो आल्या पावली परतला.

"जहर केलं वं दान्याचं!" दादा ओरडला. वहिनीनं रिकामा बुधला उचलून ठेवला. तेल पोटात गेलं तर काय होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात बाजारात खरंच ज्वारी मिळेना. पुढं नवं पीक येईस्तोवर आम्ही त्याच कणगीवर जगलो, पण पहिल्या भाकरीचा दिवस मी अजून विसरलो नाही. कितीही धुतलं, उन्हात घातलं, तरी वास जात नव्हता. वहिनीनं एकच भाकरी थापली आणि आपली पोरं माझ्या स्वाधीन केली.

"मले काही झालं त पोरायले हे देऊ नका, भाऊजी."

ती दारापाशी एकटीच खायला बसली. पहिला घास गिळताना तिचे डोळे पोरांवर होते.

दादा उठला. व्यापारी गेल्यापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. बायकोच्या ताटाला नवऱ्यानं हात लावावा, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि तिच्या उष्ट्या भाकरीतली अर्धी त्यानं मोडून घेतली.

"एकटीच काहून खाऊन राहिली वं? सरक."