नीलेशची कॅप्सूल

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही औषध बनवलं नाही.

हे आज सकाळी सासूबाईंना सांगून टाकलं. नीलेशला जाऊन आज वर्ष झालं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाहीये.

नीलेश डुकरांच्या न्यूमोनियावर रिसर्च करायचा. म्हणजे तो ज्या बॅक्टेरियामुळे होतो, त्याच्या अंगावरच्या आवरणावर. साखरेचं असतं म्हणे. ते असलं की डुकराच्या शरीराला तो जंतू सहज मारता येत नाही.

त्या आवरणाला हे लोक कॅप्सूल म्हणतात.

आईंनी तेवढंच ऐकलं. सगळ्या सोसायटीला सांगून झालं, आमचा नीलेश कॅप्सूल बनवतो. वरच्या मजल्यावरचे काका त्याला लिफ्टमध्ये गाठून ॲसिडिटीवर काय घेऊ विचारायचे.

"अरे, सांग ना आईंना खरं."

"राहू दे गं. डुक्कर म्हटलं की मला घरात घ्यायची नाही ती."

हार्ट आईंचं कमजोर, आणि अटॅक त्याला आला. हे गणित मला आजही सुटलेलं नाही.

हल्ली आईंचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, हार्टची कॅप्सूल घेताय ना? "घेते की."

आज कपाटातून त्यांची साडी काढताना त्याच कॅप्सूलच्या स्ट्रिप्स सापडल्या. खराडीच्या ऑफिसातून येताना केमिस्टकडून मीच आणलेल्या. एकही फोडलेली नाही.

"अहो आई, हे काय?"

"नीलेशच्या आहेत. त्याने केलेल्या आता दुकानात कितीशा उरल्या असतील? म्हणून ठेवून देते."

गप्प राहावं तर आईंच्या जिवाशी खेळ. बोलावं तर त्यांच्याकडून तो परत एकदा जाणार.

सांगितलं सगळं. डुक्कर, फुफ्फुस, जंतू. त्याच्या फोनमधला मायक्रोस्कोपचा फोटो दाखवला. काळपट जागेत एक ठिपका आणि भोवती पांढरी कड.

"ही कड म्हणजे त्याची कॅप्सूल, आई."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. वाटलं, रडतील, नाहीतर मला चांगलं सुनावतील.

त्यांनी स्ट्रिप फोडली, एक कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली.

मग म्हणाल्या, "ती डुकरं वाचली का पण?"

मला माहीत नाही.

त्याच्या लॅबमधलं कोणी हे वाचत असेल तर प्लीज फोन करा. मी आईंकडे देते. सोप्या मराठीत सांगा, आणि खरं असेल तेच सांगा.

नीलेश, आज आम्हा दोघींना तुझी फार आठवण येतेय. नमस्कार.